स्वॉर्डफिशसाठी गळ कोणता? (खोल पाण्यातलं सामान)

खोलपाणी

नमस्कार मंडळी. टूना आणि वाहू गरवण्यात हात बऱ्यापैकी बसलाय. येत्या हंगामात मित्राच्या बोटीवरून भर दिवसा स्वॉर्डफिशच्या मागे लागायचा बेत आहे. म्हणजे ४५०-५०० मीटर पाणी, आमिष तळाच्या जरा वर, इलेक्ट्रिक रील. रॉड-रील मित्राचं, गळ-लीडर-वजनाचं खातं माझ्याकडे (लीडर म्हणजे गळाआधीचा जाड दोर).

वाचावं तितका गोंधळ वाढतोय. एक म्हणतो ११/० नंबरचा जाडजूड जे-हुक (इंग्रजी J सारखा साधा गळ) घ्या, दुसरा म्हणतो सर्कलशिवाय (टोक आत दांड्याकडे वळलेला गोल गळ) काही लावूच नका. एकाचा लीडर १५० पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारा), दुसऱ्याचा ४००. आमिषात एक गळ की दोन, यावर तर लोक हातघाईवर आलेले दिसतात. ब्रँडची नावं नकोत, ती चिक्कार मिळाली. गळ निवडताना बघायचं काय आणि का, हे कोणी सांगेल का?

जुनाखलाशी

गळ नंतर बघू, आधी मासा बघा.

मोठ्या स्वॉर्डफिशला दात नसतात. त्यामुळे तारेचा लीडर घरी ठेवा, त्याचं इथे काम नाही. दुसरं, तोंड. टूनाचा जबडा कडक, गळ एकदा बसला की बसला. याच्या तोंडाभोवतीचं मांस ओल्या पुठ्ठ्यासारखं. जोर लावला की गळाचं भोक रुंदावत जातं आणि दोन तासांनी मासा बोटीशी आल्यावर गळ नुसता गळून पडतो. तिसरं, हा मासा आमिष आधी गिळत नाही, चोचीने (तलवारीसारख्या लांब वरच्या जबड्याने) फटकावतो. त्या फटकाऱ्यात गळ जबड्यात, गालात, चोचीच्या बुडाशी, कधी पाठीतसुद्धा अडकतो. तुम्ही ठरवून काही होत नाही.

म्हणजे हवं काय? कमी जोरात आत शिरणारा आणि शिरल्यावर मांस न कापणारा गळ. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात, सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. बारीक तारेचा गळ पटकन शिरतो पण मऊ मांस सुरीसारखं चिरत जातो. जाड तारेचा धरून ठेवतो पण शिरायला जोर मागतो, आणि ५०० मीटरवरून तो जोर तुम्ही देणार कुठून?

मी ९/० ते ११/० मधला, रुंद पोटाचा, मध्यम जाडीचा जे-हुक वापरतो. त्याहून जाड नाही.

तंगूस८०

+१. भर घालतो.

आकड्यांवर फार विसंबू नका. १०/० म्हणजे अमुक मिलिमीटर असं सगळ्या कंपन्यांचं एक माप नाही. एकाचा १०/० दुसऱ्याच्या ९/० एवढा निघतो, आणि सर्कलचा नंबर तर जे-हुकच्या नंबराशी ताडूनच बघू नये. दुकानात गेलात तर टोक आणि दांडा यातलं अंतर बघा. आमिष लावल्यावर त्या अंतरातली निदान अर्धी जागा मोकळी उरली पाहिजे. म्हाकूळ गळाच्या पोटात ठासून भरलं की टोक बाहेर दिसतं खरं, पण माशाच्या मांसाला आत यायला जागाच नसते.

आता टोक. नव्या पाकिटातला गळ तेज असतोच असं नाही. अंगठ्याच्या नखावर टोक अलगद टेकवून ओढा. रुतलं तर ठीक, घसरलं तर कानस घ्या. कानस टोकाच्या दिशेने, तिन्ही बाजूंनी हलकी. कडा मात्र धारदार करत बसू नका. सुरीसारखी कड शिरताना सोपी वाटते, पण पुढचे दोन तास तीच कड भोक मोठं करत राहते. गोल सुईसारखं टोक बरं, निदान या माशाला.

भरती_ओहोटी

मी तर समजत होतो गळ म्हणजे गळ. इथे डॉक्टरेट चाललीय. वाचतोय.

अर्णवी

माशाच्या बाजूने थोडं लिहिते, सामानातलं मला फार कळत नाही.

स्वॉर्डफिश दिवसा साधारण ४००-६०० मीटरवर आणि रात्री वरच्या १०० मीटरमध्ये, कारण त्याचं खाणं तसंच वरखाली होतं. म्हाकूळ, छोटे मासे, कोळंबीसारखे जीव उजेड टाळत दिवसा खाली जातात आणि अंधार पडला की वर येतात, हा त्यांच्या मागोमाग. पौर्णिमेच्या आसपास रात्रीसुद्धा खोल राहतो.

खाली थंडी असते. पण याच्या डोळ्याच्या एका स्नायूचं रूपांतर चक्क उष्णता तयार करणाऱ्या अवयवात झालंय. त्यामुळे मेंदू आणि डोळे भोवतालच्या पाण्यापेक्षा १० ते १५ अंश सेल्सियसने गरम राहू शकतात. गरम डोळा जलद हालचाल जास्त चांगली टिपतो. म्हणजे मिट्ट काळोखातसुद्धा तुमचं आमिष गरगर फिरतंय की सरळ तरंगतंय, हे त्याला कळत असणार असं मला वाटतं.

अवांतर: १९६७ मध्ये अमेरिकेच्या 'अल्विन' या पाणबुडीवर सुमारे ६०० मीटर खोलीवर एका स्वॉर्डफिशने हल्ला केला होता. चोच पाणबुडीच्या सांध्यात अशी रुतली की मासा तिच्यासकट वर आला, आणि मंडळींनी तो खाल्ला. बोटीजवळ आलेल्या माशापासून चार हात लांब राहा, एवढंच.

चिकित्सक

@जुनाखलाशी, जे-हुक, जे-हुक हे पुरे झालं. लाँगलाइनवाल्यांकडे (लांबच लांब दोराला ओळीने गळ लावून मासे धरणाऱ्यांकडे) बघा. अमेरिकेने २००१ ते २००३ मध्ये वायव्य अटलांटिकात मोठे प्रयोग केले. १८/० चा सर्कल आणि आमिषाला म्हाकुळाऐवजी बांगड्याच्या जातीचा मासा, असं लावल्यावर लॉगरहेड कासवं अडकण्याचं प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी घटलं. २००४ पासून तिथे लाँगलाइनला सर्कल सक्तीचा झाला. आणि स्वॉर्डफिश मिळायचा काही थांबला नाही.

सर्कल पोटात जात नाही, जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मासा लहान निघाला आणि सोडावा लागला तर जगायची शक्यता जास्त. उत्तर अटलांटिकात ११९ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत तेवढ्यापेक्षा लहान मासा ठेवता येत नाही. मग त्याचं आतडं फाडून सोडण्यात काय अर्थ?

जुनाखलाशी

@चिकित्सक, कासवांचं शंभर टक्के मान्य. पण त्याच प्रयोगांत सर्कलला म्हाकूळ लावल्यावर स्वॉर्डफिश कमी लागला होता, बांगडा लावल्यावर वाढला, हेही सांगा की. म्हणजे गळ आणि आमिष वेगवेगळं मोजता येत नाही.

आणि लाँगलाइनवर मासा आमिष घेऊन निघून जातो, दोर मागे ताणला जातो, सर्कल आपोआप वळून कोपऱ्यात बसतो. सर्कलला एका दिशेने सलग ताण लागतो. दिवसाच्या खोल गरवण्यात नेमकं उलटं घडतं. मासा आमिष घेतो आणि वर येतो, पाच किलो वजनासकट. तुमची वाकलेली काठी अचानक सरळ होते. तो ढिला दोर गुंडाळून होईपर्यंत सर्कलवर ताणच नाही. त्यात मासा फटकावणारा. जे-हुक कुठेही लागू शकतो, सर्कल फक्त तोंडात.

निशाचर

दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या मासेमारीबद्दल बोलताय. आम्ही फक्त रात्री जातो. बोट प्रवाहाबरोबर सोडलेली, दोर ३०, ६०, ९० मीटरवर, दोन फुग्यांना टांगलेले आणि एक थेट काठीवरून. वजन जेमतेम पाव-अर्धा किलो. मासा घेतो, निघतो, दोर ताणला जातो. इथे सर्कल झकास चालतो. झटका मारायचा मोह आवरला पाहिजे, बास. काठी होल्डरमध्येच राहू द्या, वाकली की रील फिरवा.

दिवसा मात्र मीही जे-हुकच लावेन.

खोलपाणी

हे वेगळं करून सांगितलंत ते बरं झालं, मी दोन्हीकडचे सल्ले एकाच पातेल्यात घालत होतो. आता वजन आणि लीडरकडे येऊ का? आणि झटका मारायचा नाही, तर दिवसा गळ बसवायचा कसा?

तंगूस८०

झटका मारून तिथे काहीही पोचत नाही. विचार करा, ५०० मीटर दोर, प्रवाहाने त्याला आलेला बाक, मग वजन, मग ३०-४० मीटर जाड तंगूस (एकेरी नायलॉन दोर), मग गळ. तुम्ही काठी दीड मीटर उचललीत तर फार तर तो बाक थोडा सरळ होईल. गळ बसतो तो सलग गुंडाळण्यानेच. शक्य तितक्या वेगाने, दोर जड लागेपर्यंत आणि त्यानंतरही थोडं. म्हणून तर टोकाबद्दल एवढं पाल्हाळ लावलं. तुमच्या हातात ड्रॅगएवढाच (रीलच्या ब्रेकएवढाच) जोर आहे, त्यात शिरेल असा गळ हवा.

मुख्य दोर ब्रेडचाच (बारीक धागे विणलेला), ६५ किंवा ८० पौंडी. ८० पौंडी ब्रेड साधारण ०.४३ मिलिमीटर, तेवढ्याच ताकदीचं तंगूस जवळजवळ १ मिलिमीटर. पाण्याचा रेटा निम्म्याहून कमी. शिवाय तंगूस ताणलं जातं. ५०० मीटरला दहा टक्के धरलं तरी ५० मीटरचा स्प्रिंग मध्ये बसलाय, खाली माशाने टिचकी मारलेली वर कशी कळणार?

ब्रेडच्या पुढे ३० ते ४५ मीटर, २००-३०० पौंडी तंगुसाचा वाइंड-ऑन लीडर, जो रिंगांमधून रीलवर येतो. त्याच्या पुढे स्विव्हल (पीळ काढणारी फिरती कडी) आणि आमिषाचा दोन-तीन मीटरचा लीडर, २५० ते ३००. इथे जाडी ताकदीसाठी नाही, घासण्यासाठी आहे. चोच आणि अंग दोन्ही खरबरीत, मासा दोरात गुंडाळला गेला तर १५० पौंडी तंगूस बघता बघता पांढरं पडतं. ४०० ची गरज मला तरी वाटत नाही, आमिष ताठ दिसायला लागतं.

जुनाखलाशी

विक्रम बिक्रम डोक्यात असेल तर आताच सांगतो: आंतरराष्ट्रीय विक्रमाच्या नियमांत इलेक्ट्रिक रील बसत नाही, आणि २० पौंडांच्या वरच्या दोराला लीडरची मर्यादा ९.१४ मीटर आहे. ४० मीटरचा वाइंड-ऑन लावलात की विषय संपला. १९५३ मध्ये चिलीतल्या इकीके बंदराबाहेर धरलेला ५३६ किलोचा मासा अजून विक्रमावर बसलाय, त्याला तुमच्यापासून धोका नाही.

खोलपाणी

माझ्यापासून कोणालाच धोका नाही. वजनाचं सांगा.

तंगूस८०

वजन किती, हे प्रवाह ठरवतो. तीन किलोपासून सात किलोपर्यंत. पण कशाचं, याचा विचार लोक करत नाहीत. बरेच जण सिमेंटचे गोळे ओततात, स्वस्त पडतात आणि तुटून तळाला राहिले तरी शिसं समुद्रात टाकल्याचं पाप नाही. तेही मला पटतं. फक्त हिशोब लक्षात ठेवा: ५ किलोचं काँक्रीट समुद्राच्या पाण्यात जेमतेम २.९ किलो भरतं. लोखंड ४.३ च्या आसपास, शिसं ४.५. वर काँक्रीटचा गोळा आकाराने मोठा, त्यामुळे प्रवाह त्याला जास्त ढकलतो. शिशावरून सिमेंटवर आलात तर तराजूवरचा आकडा तोच ठेवून चालणार नाही, दीडपटीहून जास्त घ्यावं लागेल.

वजन वाइंड-ऑनच्या वरच्या टोकाशी, ब्रेडच्या जोडाजवळ, शिवलेल्या फासात क्लिपने. आमिष तिथून ३०-४० मीटर पुढे मोकळं. वजन आणि क्लिप यांच्यात कमी ताकदीचा दोरा ठेवा, तळाला अडकलं तर तोच तुटेल.

निशाचर

आणि सोडायची पद्धत! सामान कितीही भारी असो, सोडताना गुंता झाला तर पाऊण तास फुकट, आणि खाली गुंता झालाय हे वर कळतही नाही. आधी आमिष पाण्यात, बोट हळू पुढे, सगळा लीडर मागे सरळ पसरू द्या. मग माशाला खेचायचा दिवा, मग वजन. वजन खाली जात असताना बोट पुढे चालूच ठेवा, म्हणजे आमिष वजनाच्या मागे लांब राहतं, त्याच्यावर येऊन गुंडाळत नाही. तळ लागला की वळून दोर उभा करा आणि १०-२० मीटर वर घ्या.

दिव्याबद्दल: ५०० मीटरवर वातावरणाच्या सुमारे ५० पट दाब असतो. रात्रीचे साधे दिवे तिथे चिरडतात. खोली लिहिलेला दिवाच घ्या. रंगावर मात्र मला वाद घालायचा नाही.

चिकित्सक

रंगावर सगळ्यांचीच मतं असतात, पुरावा कोणाकडे नसतो. दोन गळांचं कोणी बोललं नाही अजून.

जुनाखलाशी

माझं मत एकाच गळाचं. दुसरा गळ मागे असला की आमिष ताठ होतं, फिरायला लागतं, आणि ५०० मीटर खाली जाताना फिरलेलं आमिष लीडरला असा पीळ देतं की स्विव्हलसुद्धा हात टेकतं. वर, माशाला एक गळ तोंडात आणि दुसरा कल्ल्याजवळ लागला तर ते दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढतात. सोडायचा मासा असेल तर बघायलाच नको.

त्यापेक्षा म्हाकूळ शिवायला शिका. सगळा खेळ तिथे आहे. गळ म्हाकुळाच्या अंगावर ठेवून मापा: गळाचा बाक बरोबर मुंडकं आणि अंग जुळतं तिथे आला पाहिजे. त्या हिशोबाने लीडर सुईने आतून घालून शेंड्याच्या टोकातून बाहेर काढायचा. मग मेणाच्या दोऱ्याने शेंडा लीडरला शिवायचा, पाच-सहा टाके, प्रत्येक टाका लीडरभोवती एक वेढा घेऊन. हे पक्कं नसेल तर खाली जाताना अंग घसरून गळाच्या पोटात गोळा होतं आणि तुम्ही तासभर चिंधी लटकवून बसता. मुंडकं अंगाला दोन्ही बाजूंनी शिवा, ते जरा ओढलं तरी सुटतं आणि माशाचा पहिला फटका तिथेच बसतो. शेवटी गळाचं टोक पूर्ण बाहेर, कातडीची सालसुद्धा त्यावर नको. झाल्यावर बोटीशेजारी पाण्यातून ओढून बघा. फिरलं तर उसवा, पुन्हा शिवा.

म्हाकूळ नसेल तर टूनाच्या पोटाची पट्टी, कातडीसकट, लांब निमुळती कापलेली. फटके जास्त सोसते.

अर्णवी

म्हाकुळावरच्या फटक्याचं वाचून हसू आलं. स्वॉर्डफिशच्या पोटात सापडलेल्या म्हाकुळांवर खरोखरच तसे काप दिसतात. चोच चपटी असते, कडांना धार. मार्लिनसारखी गोल नाही.

खोलपाणी

क्रिंपबद्दल (गाठीऐवजी दाबून बसवायची धातूची नळी) कोणीतरी दोन ओळी लिहा. मला गाठींची सवय आहे, क्रिंपांवर जीव बसत नाही.

तंगूस८०

३०० पौंडी तंगुसाला गाठ धड बसतच नाही, क्रिंपच लागतो. तंगुसाच्या जाडीचाच क्रिंप, ढिला नाही. दाबताना दोन्ही टोकांना थोडी जागा न दाबता सोडा. तिथे क्रिंपची कड तंगुसात रुतली की लीडर नेमका तिथे तुटतो, आणि लोक दोष तंगुसाला देतात. उरलेलं टोक लायटरने किंचित वितळवून बोंड करा. मुख्य तंगुसाला आच लागता कामा नये. गळाच्या डोळ्यात लहान फास ठेवा, त्यावर घासण्यापासून वाचवणारी नळी चढवा. गळ त्या फासात मोकळा हलायला हवा.

गळ स्टेनलेस घ्यायचा की गंजणारा, हेही विचारणार असाल. गंजणारा. तुटून माशात राहिला तर कधीतरी झिजून जाईल. त्यासाठी प्रत्येक वेळी नवा गळ लावायची तयारी ठेवा.

भरती_ओहोटी

ड्रॅगचा आकडा सांगा की राव. इतकं सगळं वाचलं त्याचं सार्थक होऊ दे.

जुनाखलाशी

८० पौंडी दोराला एक तृतीयांशाचा नियम लावलात तर १२ किलो होतात. टूनाला ठीक. इथे मी ७-८ वर सुरू करतो, आणि पहिल्या तासात हात लावत नाही. बाहेर असलेला शेकडो मीटर दोर पाण्यातून ओढला जातो त्याचाच रेटा माशाच्या तोंडावर आणखी असतो. शिवाय रील रिकामं होत गेलं की ड्रॅग आपोआप वाढतो. भरलेलं रील १० सेंटिमीटर व्यासाचं असेल आणि मासा दोर घेऊन ते ७ वर आलं, तर ८ किलोचे साडेअकरा होतात, तुम्ही काहीही न फिरवता. मासा पळत असताना ड्रॅग वाढवणारे लोक मला कळत नाहीत. तेव्हा तो कमी करायचा असतो.

चिकित्सक

हे पटलं. ड्रॅग एवढा कमी ठेवलात तर मग मासा जास्त वेळ झुंजतो, दमून जातो, आणि सोडला तरी मरतो, त्याचं काय?

जुनाखलाशी

रास्त प्रश्न. म्हणून लहान मासा आहे असं वाटलं की मी थांबत नाही. छोटा मासा वजनासकट तसाही लवकर वर येतो. बोटीशी आला की पाण्यातच ठेवा, लीडर धरून गळाजवळ कापा, वर घेऊ नका. गळ काढायच्या नादात चोच कोणाच्या तरी पोटात जायची.

मोठ्या माशाच्या बाबतीत नाजूक वेळ वेगळीच असते. वजन पृष्ठभागावर येतं तेव्हा मासा अजून ३०-४० मीटर खाली असतो, आणि क्लिप हाताने काढावी लागते. त्या दोन सेकंदांत दोर ढिला पडू द्यायचा नाही. क्लिप काढणारा माणूस आधीच ठरवा, हातमोजे घालून, आणि त्याने हाताला वेढा न घेता दोर धरायचा. याच टप्प्याला मासा बहुधा पुन्हा खाली जातो, तेव्हा काढलेलं वजन कोणाच्या पायात नसावं.

खोलपाणी

क्लिपचं काम मित्राच्या मेव्हण्याकडे देतो, तो बोटीवर नाहीतर नुसता फोटो काढत असतो. ९/० आणि १०/० मध्यम तारेचे, दोन्ही आणतोय, म्हाकूळ शिवायचा सराव या रविवारी. @जुनाखलाशी, वजनाच्या क्लिपचा तो शिवलेला फास ब्रेडवर की तंगुसावर?

जुनाखलाशी

तंगुसावर, जोडाच्या हातभर खाली. ब्रेडवर शिवलात तर घसरेल.